फ्लीसच्या कापडावर मशीन भरतकाम: नवशिक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी संगणकीय भरतकाम मशीन आले की पहिले रुमाल आणि उशीचे अभ्रे सुती कापडावर छान निघतात आणि मग कोणीतरी बारशासाठी फ्लीसच्या दुपट्यावर बाळाचे नाव मागते. तोच दोरा, तीच सुई आणि तोच नमुना वापरूनही अक्षरे लवेत बुडतात, कडा वाकड्या येतात आणि रिंगेचा, म्हणजे कापड ताठ धरणाऱ्या दोन कड्यांच्या चौकटीचा, वळ कापडावर उमटतो. पुढील उत्तरे एका सुईच्या घरगुती मशीनवर, 10 सेंमी चौरस किंवा त्याहून थोड्या मोठ्या रिंगेत काम करणाऱ्यांसाठी लिहिली आहेत.

फ्लीस म्हणजे नेमके कोणते कापड?

दुकानात या एकाच नावाखाली बरीच कापडे दाखवली जातात. दोन्ही बाजूंनी आखूड लव असलेले पोलर फ्लीस सर्वांत परिचित आहे; जॅकेट, मफलर आणि ट्रेकिंगचे कपडे त्याचे असतात. कोरल फ्लीसची लव लांब आणि रेशमी असते, तर शेर्पा फ्लीस मेंढीच्या लोकरीसारखे गुठळीदार दिसते. हुडीसाठी वापरले जाणारे ‘थ्री थ्रेड’ फ्लीस मात्र वेगळे असते: ते बहुधा सुती किंवा सूत-पॉलिएस्टर मिश्रणाचे असून त्याची बाहेरची बाजू गुळगुळीत आणि फक्त आतली बाजू लवदार असते.

पोलर फ्लीस अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लॉरेन्स येथील मॉल्डन मिल्स या गिरणीने 1979 मध्ये बाजारात आणले. पॉलिएस्टरचा धागा होजिअरीप्रमाणे विणायचा, तारेच्या ब्रशांनी त्याचे फास उचकटून लव काढायची आणि ती एकसारखी छाटायची, अशी त्याची रीत आहे. त्यामुळे हे कापड ताणले जाते, कापल्यावर त्याचे धागे सुटत नाहीत आणि उष्णतेपुढे ते फारसे टिकत नाही. शिकायची सुरुवात मध्यम जाडीच्या, साधारण 200 ते 250 जीएसएमच्या (म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाच्या) पोलर फ्लीसवर करावी. शेर्पा पहिल्या वर्षी हाती न घेतलेलेच बरे.

सुती कापडावर उत्तम आलेला नमुना फ्लीसवर का बिघडतो?

याची कारणे दोनच आहेत आणि या पानावरील जवळपास प्रत्येक सूचना त्यांपैकी एकाशी जोडलेली आहे. पहिले कारण लव. टाका कापडाच्या पृष्ठभागावर बसण्याऐवजी लवेत खाली उतरतो आणि आजूबाजूची लव त्याच्यावर चढते. बारीक रेघा दिसेनाशा होतात आणि भरीव भागातून कापडाचा रंग डोकावतो. दुसरे कारण ताण. प्रत्येक टाका कापडाला दोन्ही टोकांकडून आत ओढतो. घट्ट विणीचे सुती कापड ही ओढ सहन करते, होजिअरी विणीचे फ्लीस ती सहन न करता सरकते. म्हणून वर्तुळ अंडाकार होते आणि बाह्यरेषा व भरीव भाग यांच्यामध्ये फट राहते. लवेला वरून दाबणे आणि कापडाला खालून धरून ठेवणे, ही दोन कामे नीट झाली तर मशीन साधे असले तरी चालते.

खालून कोणता स्टॅबिलायझर लावावा?

स्टॅबिलायझर म्हणजे भरतकाम करताना कापडाला आधार देणारा कागदासारखा थर. फ्लीसला तो कापून काढण्याचा, म्हणजे कट-अवे प्रकारचा लावावा. दुकानात ‘बॅकिंग पेपर’ मागितल्यास बहुतेक वेळा फाडून काढायचा टेअर-अवे पुढे केला जातो, कारण तो स्वस्त असतो आणि शर्टच्या कामात भरपूर खपतो. फ्लीसला तो चालत नाही. शिवताना सुईच्या छिद्रांनी तो कमकुवत होतो, नंतर फाडून काढला की टाक्यांना आधार उरत नाही आणि दोन-तीन धुण्यांत नमुना गोळा होतो. कट-अवे कायम आत राहतो आणि कापड ताणले तरी टाक्यांची जागा बदलू देत नाही.

साधारण 70 ते 90 जीएसएमचा एक थर नाव किंवा छोट्या नमुन्यास पुरतो. भरीव आणि मोठ्या नमुन्यास दोन थर एकमेकांना काटकोनात ठेवून घ्यावेत. काम झाल्यावर नमुन्याभोवती सुमारे 1 सेंमी सोडून बाकीचा भाग गोलाईत कापावा. टोकदार कोपरे ठेवले तर ते अंगाला टोचतात.

वरून पातळ फिल्म घालणे खरेच आवश्यक आहे का?

होय, लव असलेल्या बाजूवर काम करताना ती टाळू नये. पाण्यात विरघळणारी ही पारदर्शक फिल्म टाके शिवले जात असताना लवेला खाली दाबून ठेवते. काम झाल्यावर मोठे तुकडे हलक्या हाताने फाडून काढावेत आणि अक्षरांच्या पोटात अडकलेले कण ओल्या स्पंजने किंवा मऊ टूथब्रशने पुसावेत. फिल्म अंगचोरपणे लहान कापू नये, नमुन्याच्या चारही बाजूंना किमान दोन बोटे अधिक असावी.

पैसे वाचवण्यासाठी काही जण स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म किंवा पिशवीचे प्लास्टिक वापरतात. ते विरघळत नाही, टाक्यांखाली कायमचे राहते आणि त्याच्या चुरचुरीत कडा बाहेर येत राहतात. बाळाच्या वस्तूवर तरी हा उपाय करू नये.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ही फिल्म हवेतील दमटपणा शोषून चिकट आणि लिबलिबीत होते. ती हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. कोरड्या हिवाळ्यात उलट होते: ती ठिसूळ होऊन शिवतानाच तडकते.

फ्लीस रिंगेत कसे बसवावे? वळ उठू नये म्हणून काय करावे?

नवशिक्यांनी फ्लीस रिंगेत घट्ट आवळूच नये. जाड कापड दोन कड्यांमध्ये दाबले की लव कायमची चेपते आणि घालताना ते ताणले गेले असेल तर रिंग सोडल्यावर कापड पूर्ववत होऊन सगळा नमुना चुरगळतो. त्याऐवजी फक्त स्टॅबिलायझर रिंगेत ढोलकीच्या पुडीसारखा ताठ बसवावा, त्यावर भरतकामासाठीचा तात्पुरता चिकट स्प्रे हलकासा मारावा आणि फ्लीस वर ठेवून तळहाताने मधून बाहेर दाबत चिकटवावे. स्प्रे मशीनपासून दूर, खिडकी उघडी ठेवून आणि साधारण एक वीत अंतरावरून मारावा. जास्त झाला तर सुईवर गोंद जमतो आणि दोरा तुटू लागतो.

यानंतर फिल्म वर ठेवून नमुन्याभोवती लांब टाक्यांची एक चौकट शिवून घ्यावी. अनेक मशीनमध्ये ही कच्च्या टाक्यांची सोय असते. नसल्यास नमुना तयार करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नमुन्याच्या आधी 5 ते 6 मिमी लांबीच्या धावदोऱ्याचा आयत घालता येतो. या चौकटीने फिल्म, फ्लीस आणि स्टॅबिलायझर एकत्र धरले जातात आणि काम संपल्यावर ती उसवून टाकता येते. स्प्रे आणि चौकट यांपैकी एकच निवडायचे झाल्यास चौकट निवडावी.

कापड ठेवताना लवेवरून हात फिरवून तिची दिशा पाहावी. वापरताना लव वरून खाली बसेल अशा रीतीने नमुना मांडल्यास अक्षरांवर ती कमी चढते. कोरल फ्लीसमध्ये हा फरक स्पष्ट दिसतो.

सुई आणि दोरा कोणता घ्यावा?

75/11 क्रमांकाची बॉलपॉइंट सुई घ्यावी. तिचे टोक किंचित गोल असल्याने ती विणीचे फास तोडत नाही, बाजूला सारते. जाड फ्लीसचे दोन थर किंवा ऍप्लिकसह (वरून दुसऱ्या कापडाचा तुकडा लावून) काम असेल तर 90/14 घ्यावी. साधारण आठ तास शिवल्यावर, किंवा सुई कापडात शिरताना टकटक आवाज येऊ लागल्यास त्याआधीच, ती बदलावी.

वरचा दोरा 40 क्रमांकाचा पॉलिएस्टर असावा. रेयॉनची झळाळी अधिक सुंदर असते हे खरे. पण दुपटी आणि मुलांची जॅकेटे वारंवार धुतली जातात आणि तिथे पॉलिएस्टर जास्त टिकते. बॉबिनमध्ये 60 क्रमांकाचा बारीक भरतकामाचा दोरा भरावा. शिलाईचा साधा दोरा बॉबिनमध्ये घातल्यास मागची बाजू जाड आणि कडक होते.

मशीनचा वेग आणि दोऱ्याचा ताण किती ठेवावा?

मिनिटाला 400 ते 600 टाके पुरेत. मशीन याहून वेगाने चालू शकत असले तरी जाड, लवचीक कापड त्या वेगात सुईबरोबर वर-खाली उचलले जाते आणि टाके चुकतात. वेळेचा हिशेबही फारसा बिघडत नाही: 8,000 टाक्यांचा नमुना 500 च्या वेगाने 16 मिनिटांत होतो आणि रंग बदलायला लागणारा वेळ दोन्ही वेगांत सारखाच असतो.

ताण तपासण्यासाठी सॅटिन टाक्याची, म्हणजे शेजारीशेजारी दाट आडव्या टाक्यांनी भरलेल्या पट्ट्याची, मागची बाजू पाहावी. मधला सुमारे एक तृतीयांश भाग बॉबिनच्या दोऱ्याचा आणि दोन्ही कडांना वरचा दोरा दिसला की ताण योग्य आहे. पुढच्या बाजूला पांढरे ठिपके आले तर वरचा ताण थोडा सैल करावा. ही चाचणी त्याच फ्लीसच्या तुकड्यावर, त्याच स्टॅबिलायझरसह घ्यावी. सुती कापडावर घेतलेली चाचणी इथे निरुपयोगी आहे.

कोणते नमुने निवडावेत?

ठसठशीत, मोकळे आणि कमी रंगांचे. 2 मिमी किंवा अधिक रुंदीचे सॅटिन, साध्या आकाराचे भरीव भाग आणि ऍप्लिक हे प्रकार फ्लीसवर खुलतात. फक्त धावदोऱ्याने काढलेली रेखाचित्रे, बारीक छटा दाखवणारे पोपट-मोर आणि 8 मिमीहून लहान इंग्रजी अक्षरे टाळावीत.

लव झाकण्यासाठी टाके दाट करावेत असे वाटणे साहजिक आहे, पण त्याने नमुना पुठ्ठ्यासारखा कडक होतो आणि भोवतीचे कापड आकसते. टाक्यांमधील अंतर नेहमीसारखे 0.4 मिमीच्या आसपासच ठेवावे आणि लवेचा बंदोबस्त नमुन्याखालच्या आधारटाक्यांकडे सोपवावा. सॅटिनखाली कडेचा धावदोरा आणि त्यावर झिगझॅग असे दोन्ही आधारटाके असावेत. टाके आत ओढले जातात म्हणून नमुना बनवताना रुंदीत 0.3 ते 0.4 मिमी भरपाई द्यावी.

‘नॉकडाउन’ टाके म्हणजे काय?

मुख्य नमुन्याच्या आधी, कापडाच्याच रंगाच्या दोऱ्याने शिवलेली विरळ जाळी. टाक्यांत 1 ते 1.5 मिमी अंतर ठेवून दोन तिरक्या दिशांनी ती शिवतात आणि नमुन्याच्या कडेबाहेर 2 ते 3 मिमी जाऊ देतात. फिल्म धुतल्यावर नाहीशी होते. ही जाळी मात्र राहते आणि लवेला कायमची दाबून धरते. कोरल आणि शेर्पा फ्लीसवर ती अनिवार्य मानावी, पोलर फ्लीसवर नमुना बारीक असेल तरच घ्यावी. दोऱ्याचा रंग कापडाशी जुळला नाही तर अक्षरांभोवती डाग पडल्यासारखे दिसते, म्हणून रीळ उजेडात कापडाला लावूनच निवडावे.

हीच युक्ती उलटी वापरता येते: अक्षर मोकळे सोडून भोवतीची सगळी जागा अशा जाळीने दाबली, तर न शिवलेले अक्षर लवेतून वर उठून दिसते. एकरंगी दुपट्यावर हे फार देखणे होते.

देवनागरीत नाव भरता येईल का?

येईल, पण बहुतेक घरगुती मशीनमध्ये देवनागरी अक्षरे नसतात. नमुना बाहेर तयार करावा लागतो. त्यासाठी विल्कॉमसारखी विकतची सॉफ्टवेअर आहेत आणि इंकस्केप या मोफत चित्र-सॉफ्टवेअरला जोडून चालणारे इंक/स्टिच हे विनामूल्य साधनही आहे. संगणकावरचा फॉन्ट थेट टाक्यांत बदलण्याचा मोह टाळावा. त्यात अक्षराचा प्रत्येक भाग भरीव क्षेत्र मानला जातो, तर फ्लीसवर आपल्याला काना, शिरोरेषा आणि गोलाई यांचे वेगवेगळे सॅटिन पट्टे हवे असतात.

सर्वांत जास्त अडचण शिरोरेषा करते. सॅटिनचा पट्टा टाक्यांच्या दिशेने आकसतो आणि त्याच्या लांबीच्या दिशेने दोन्ही टोकांना पुढे सरकतो. त्यामुळे काना शिवल्यावर त्याचे डोके ठरवलेल्या जागेच्या वर येते आणि आडवी शिरोरेषा नावाच्या दोन्ही बाजूंना बाहेर डोकावते. यावर उपाय असा की काने शिरोरेषेच्या वरच्या कडेपर्यंत न नेता तिच्या निम्म्या जाडीपर्यंतच न्यावेत, सगळी अक्षरे आधी शिवून घ्यावीत आणि शेवटी संपूर्ण नावावर एकच अखंड शिरोरेषा शिवावी. ती कान्यांची टोके झाकून टाकते. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा त्या त्या अक्षरासोबत शिवल्यास सांध्यांवर गाठी दिसतात आणि तोवर फ्लीस थोडे सरकले असेल तर रेषा पायऱ्यापायऱ्यांची होते. शिवण्याचा क्रम मधल्या अक्षरापासून बाहेर असा ठेवल्यास कापडाचा फुगवटा दोन अक्षरांमध्ये अडकत नाही.

शिरोरेषेच्या वरचा भाग ही दुसरी कसोटी. ‘शर्वरी’ या नावात व वरील रफार आणि शेवटच्या री ची वेलांटी शेजारीशेजारी येतात. छापील फॉन्टमधले अंतर तसेच ठेवले तर फ्लीसवर त्या दोन्ही मिळून एक फुगीर गोळा दिसतो. त्यांच्यामध्ये किमान 2 मिमी मोकळी जागा राहील इतके रफाराला डावीकडे सरकवावे किंवा वेलांटीची कमान उंच करावी. ‘आनंदी’मधला अनुस्वार छापात नाजूक असतो, पण 2 मिमी व्यासाचा ठिपका लवेत हरवतो आणि नाव ‘आनदी’ होते. अनुस्वार 3 मिमीच्या आसपास घ्यावा, खाली आधारटाके द्यावेत आणि शिरोरेषेपासून जरा वरच ठेवावा.

अक्षरांची उंची, मात्रा व उकार वगळून, सुरुवातीला 20 मिमीपेक्षा कमी नसावी आणि पट्ट्यांची रुंदी 2.5 ते 4 मिमी असावी. श ची गाठ आणि व चे पोट यांत दीड ते दोन मिमी मोकळी जागा उरते का हे पडद्यावर मोठे करून पाहावे. उरत नसेल तर ते शिवल्यावर बुजणारच. एकसारख्या जाडीचा साधा फॉन्ट निवडावा. बोरूच्या वळणाची जाड-बारीक अक्षरे कागदावर कितीही डौलदार असली तरी त्यांची बारीक टोके लव गिळून टाकते.

विकत घेतलेला नमुना मशीन का वाचत नाही?

प्रत्येक कंपनीचा फाइलप्रकार वेगळा असतो: ब्रदरसाठी पीईएस, जॅनोमसाठी जेईएफ, ताजिमासाठी डीएसटी. डीएसटी अनेक मशीन वाचतात, मात्र त्यात दोऱ्यांचे रंग साठवलेले नसतात, म्हणून पडद्यावर भलतेच रंग दिसले तरी घाबरू नये. नमुना रिंगेपेक्षा एक मिलिमीटर मोठा असला तरीही मशीन तो उघडत नाही.

नमुना मशीनवरच लहान-मोठा केला तर चालेल का?

दहा टक्क्यांपर्यंत चालेल. अनेक मशीन आकार बदलताना टाक्यांची संख्या तीच ठेवतात. त्यामुळे लहान केलेला नमुना दाट आणि कडक होतो, मोठा केलेला विरळ होऊन त्यातून लव वर येते.

बाळाच्या दुपट्यासाठी किंवा कुंचीसाठी वेगळी काळजी लागते का?

लागते. भरतकामाची मागची बाजू नेहमी खरखरीत असते आणि दुपट्यात तीच बाळाच्या अंगाशी येते. दोन थरांचे दुपटे करावे, आधी वरच्या थरावर नाव भरावे आणि नंतर मऊ सुती अस्तर जोडावे, हा सर्वांत चांगला मार्ग आहे. कुंचीत नाव कपाळावर न घेता मागच्या झालरीवर घ्यावे. एका अक्षरावरून दुसऱ्यावर गेलेले लांब सुटे दोरे दोन्ही बाजूंनी कापावेत, कारण त्यात बाळाची बोटे अडकतात. जरीचा दोरा, टिकल्या आणि मणी यांना इथे जागा नाही.

तयार जॅकेटवर भरतकाम करता येते का?

येते, मात्र छातीवरील नमुन्याखाली खिसा, चेन किंवा अस्तर नाही ना हे आधी चाचपून पाहावे. चेनच्या जाड पट्टीवर रिंग बसवू नये. जॅकेटचा उरलेला भाग टेबलावर आधार देऊन ठेवावा. तो खाली लोंबत राहिला तर त्याच्या वजनाने रिंग ओढली जाते आणि रंगांची जुळणी बिघडते. मागचा हात सुईखाली आला आणि पुढच्या भागाला शिवला गेला, हा प्रकार शिलाईच्या वर्गांत दर हिवाळ्यात एकदा तरी घडतोच.

भरतकामानंतर इस्त्री करावी का?

लवेवर इस्त्री थेट टेकवू नये. पाण्याच्या बाटल्या ज्या प्लास्टिकच्या असतात त्याच प्रकारच्या पॉलिएस्टरचे हे कापड आहे. ते वितळण्याआधी, त्याहून बऱ्याच कमी तापमानालाही, लव चपटी होऊन चकाकू लागते आणि ती चकाकी जात नाही. इस्त्री कापडापासून थोडी वर धरून फक्त वाफ द्यावी. अगदीच गरज वाटली तर जाड टॉवेलवर भरतकाम पालथे ठेवून, वर सुती कापड घालून मंद इस्त्री फिरवावी.

कापड आधी धुऊन घ्यावे का, आणि नंतर कसे धुवावे?

पॉलिएस्टर फ्लीस फारसे आटत नाही, त्यामुळे आधी धुतले नाही तरी चालते. थ्री थ्रेड सुती फ्लीस मात्र आटते; ते आधी धुऊन वाळवावे. पूर्ण झालेली वस्तू उलटी करून, थंड किंवा कोमट पाण्यात, सौम्य पावडरने धुवावी आणि पिळण्याऐवजी दाबून पाणी काढावे. ब्लीच वापरू नये.

मशीनमध्ये लव साचते, ती कशी काढावी?

फ्लीसचे प्रत्येक काम संपल्यावर सुईखालची पट्टी आणि बॉबिनचा डबा उघडून छोट्या ब्रशने साफ करावा. तोंडाने फुंकर मारू नये. लव आणखी आत जाते आणि श्वासातली ओल धातूला लागते. टाके अचानक सैल पडू लागले तर ताणाचे बटण फिरवण्याआधी बॉबिनखाली पाहावे, बहुतेकदा तिथे लवेची गुठळी असते.

साध्या शिलाई मशीनवर हे जमेल का?

कापड पुढे सरकवणारे दाते खाली करून, रिंग हाताने फिरवत भरतकाम करता येते आणि पिको-फॉल करणारे अनेक कारागीर ते सफाईने करतात. पण हात बसायला वेळ लागतो आणि फ्लीसवर तो सराव सुरू करू नये.

बिघडलेले भरतकाम फ्लीसवरून उसवता येते का?

येते, आणि या बाबतीत फ्लीस सुती कापडापेक्षा उदार आहे, कारण सुईची छिद्रे लवेत झाकली जातात. कापड पालथे करून स्टॅबिलायझरच्या बाजूने, उसवणीच्या पात्याने फक्त बॉबिनचे दोरे सॅटिनच्या मधोमध कापत जावे. मग सुलट्या बाजूने वरचे दोरे चिमट्याने अलगद निघतात. सुलट्या बाजूने पाते कधीही चालवू नये, कारण दोऱ्यासोबत लवही कापली जाते आणि तिथे टक्कल पडते. उसवून झाल्यावर तो भाग वाफेवर धरून मऊ ब्रशने लव उभी करावी. टक्कल पडलेच असेल, तर त्या जागी सुती कापडाचे ऍप्लिक लावून त्यावर नाव नव्याने भरावे. सपाट कापडावर अक्षरेही अधिक रेखीव येतात.